सुजाता म्हटल्याशिवाय न वळणारी आत्या

आमच्या आत्याचे कान तिच्या मर्जीने चालत. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणी तिच्याबद्दल कुजबुजलं तर तिला स्वच्छ ऐकू येई, आणि अगदी पुढ्यात उभं राहून कोणी 'कचरा' अशी हाक मारली तर ती निवांत तांदळातले खडे वेचत बसे. नवखा माणूस बिचारा माझ्या आईला विचारी, "बाईले आयकू येत नाही का?" आई म्हणे, "आयकू येते. तुमी नाव चुकले." वाराशिवनीपासून खैरलांजीपर्यंतच्या वाटेवर इतकी चांगली बहिरी बाई दुसरी नव्हती.

कचरा हे तिचं जन्माचं नाव. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने आमच्या भागात सगळेच करत तेच केलं. नव्या लेकराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, परक्या बाईने ते उचलायचं, आणि पसाभर कोंडा देऊन आईने ते तिच्याकडून विकत घ्यायचं. मरणाला वाटावं, हा तर टाकाऊ माल, कशाला न्यायचा! नावही मग तसंच ठेवायचं, धोंडी, भिकी नाहीतर कचरा. आत्या जगली. कोंड्याने जगली की आजीच्या दुधाने, कोण जाणे, पण नाव मात्र तिला चिकटलं. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला आणि ती माहेरी आमच्याकडे परत आली. तरी हाक तीच.

छप्पन सालच्या दसऱ्याला आमची अर्धी वस्ती नागपूरला दीक्षेला गेली. आत्याही गेली आणि पांढरं लुगडं नेसून परतली. त्या हिवाळ्यात वाराशिवनीचे एक गुरुजी संध्याकाळी वस्तीत येऊन बुद्धाच्या गोष्टी सांगत. उपासाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर वाढणाऱ्या सुजातेची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा मी आईला टेकून बसले होते. आत्याने मध्येच विचारलं, "गुरुजी, त्या बाईच्या नावाचा मतलब का?"

"सु म्हणजे चांगली, जाता म्हणजे जन्मलेली," गुरुजी म्हणाले. "चांगल्या जन्माची."

  आत्या लगेच म्हणाली, "मंग हे नाव माह्यंच हाये. जन्म त माहा चांगलाच झाल्ता. कचऱ्यात नंतर ठेवलं."

कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून तिचे कान बिघडले.

वस्तीत थट्टा झाली, नाही असं नाही. चाळिशी उलटलेल्या बाईने नवं नाव घ्यायचं म्हणजे काय! पाणवठ्यावर बाया एकमेकींना कोपराने ढोसत. आत्या घागर विसळता विसळता म्हणे, "सीपी-बेरारचा मध्यप्रदेश झाला तवा कोनी दात काहाडले का? मंग माह्यावरच काहून हासता?"  वर्ष सरायच्या आत वस्तीने हार मानली.

गाव मात्र मानेना, आणि गावाशी गाठ पडायची ती रोवणीच्या दिवसांत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून चिखलात रोवायला बायांची टोळी लागते, आणि आमच्या वस्तीतली टोळी आत्याची होती. ती निघाली की बाया निघत, ती बसली की बसत. गावात सगळ्यात जास्त बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, होती पटेलांची, आमच्या गावपाटलांची. पटेल म्हणजे भला थोरला माणूस, आवाज असा की बैलही दचकावे. त्या आषाढात ते वस्तीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली छत्री घेऊन उभे राहिले आणि ओरडले, "ए कचरा! उद्या बाया घेऊन ये!"

आत्या सुपात तांदूळ पाखडत होती. पाखडतच राहिली. पटेलांनी पुन्हा हाक मारली. बायांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने तांदळाकडे पाहिलं. पटेल पाय आपटत गेले. मग त्यांचा गडी आला, तोही तसाच परत गेला. मग मुलगा आला. तो शिकलेला, त्याने मधला मार्ग काढला, "ओ बाई!"

"बाया त इथं साऱ्याच हायेत," आत्या म्हणाली. "तुले कोनती पायजे?"

आमच्या घरात मात्र धाबं दणाणलं होतं. दिवाळीपर्यंतचं धान्य त्या रोवणीवर यायचं. बाबा काकुळतीला येऊन म्हणाले, "अवं बाई, नावानं पोट भरते का?"

"नाही भरत," आत्या म्हणाली. "पन कचऱ्यानं तरी आतापावतर कुठी भरलं?"

मला आठवतं, त्या रात्री आईने भात जरा कमीच रांधला. पण टोळीतली एकही बाई आत्याला सोडून पटेलांच्या शेतावर गेली नाही, हेही मला आठवतं, आणि आजही त्याचा अभिमान वाटतो. तिकडे पटेलांनी दुसऱ्या गावात बाया शोधल्या, पण रोवणीच्या घाईत मोकळ्या बाया मिळणार कुठून? बांध्या पाण्याने भरलेल्या, पऱ्हे वाढून पिवळे पडू लागलेले. शेवटी एका सकाळी भर पावसात पटेल स्वतः आले. कडुनिंबाखाली उभे राहिले. खोकले. आत्याकडे न बघता झाडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले, "सुजाताबाई, चला. रोवणी खोळंबली."

"हौ, आली!"

आत्या अशी ओरडली की दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकली. त्या दिवशी बांधीत जी धमाल झाली ती काय सांगू! बायांना आत्याशी काही काम नसलं तरी त्या हाका मारत होत्या. "सुजाताबाई, पऱ्हे द्या वं!" "सुजाताबाई, जराशा सरका!" पटेल बांधीच्या कडेला धुऱ्यावर छत्री धरून उभे आणि ते नाव दिवसभर त्यांच्या कानावर पडत होतं. ती रोवणी माझ्या आयुष्यातला पहिला सण.

त्यानंतर त्या नावाचे दिवस पालटले. वस्तीत ज्या घरी मुलगी होई त्या घरी सुजाता. धोंड्या, भिक्या, कचऱ्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि पाळण्यांत सुजाता, यशोधरा, राहुल, गौतम रडू लागले. हिंदी शाळेत मास्तर "सुजाता, खडी हो जाओ" म्हणाले की बाकांवरून चार-पाच जणी उठत. आत्याला याचा भारी तोरा. माझ्या पाठची बहीण झाली तेव्हा बाबांनाही तेच नाव ठेवायचं होतं, पण आत्याने साफ नकार दिला. "एका चुलीवर दोन सुजाता नाही शिजनार," म्हणाली. बहीण विशाखा झाली.

आणि मग ती गोष्ट घडली. पटेलांच्या सुनेची दोन लेकरं जन्मताच गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, आणि पाचवीच्या आत पटेलांच्या पत्नी, पाटलीणबाई, आमच्या दारात आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "आमचं लेकरू उचलाले चल. आन तुह्यं जुनं नाव दे तिले. त्या नावात गुन हाये, तू जगली. तुले आता थे लागत बी नाही."

आत्याच्या चेहऱ्यावर रागाची एक रेघ आली नि गेली. "लेकरू उचलीन," ती म्हणाली. "पन कचऱ्यातून नाही, मायच्या मांडीवरून. आन थे नाव मी नागपूरले सोडून आली. कोनाच्याच लेकरावर टाकनार नाही."

ज्या घराच्या अंगणापलीकडे आम्हांला कधी पाऊल टाकता आलं नव्हतं, त्या घराच्या माजघरात आत्या त्या दिवशी गेली. मी तिच्यामागे होते. पटेल दारात उभे. आत्याने मुलीला सुनेच्या मांडीवरून उचललं, छातीशी धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सुजाता."  तेव्हा सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी ती सून म्हणाली, "हौ. हेच नाव." पाटलीणबाईंनी कोंड्याचं सूप पुढे केलं. "थे म्हशीले घाला," म्हणून आत्या घरी आली.

 पण मुलगी गेली असती तर सगळं खापर तिच्यावर फुटलं असतं, हे तिलाही कळत होतं. पटेलांचं खळं वस्तीला लागूनच, घर त्याच्यामागे. त्या पावसाळ्यात आत्या रोज पहाटे अंगणात उभी राहून रडणं ऐकू येतं का ते बघे. आवाज आला की म्हणे, "रडून राह्यली. बेस हाये," आणि मगच चूल पेटवी. मुलगी रडली, रांगली, धावू लागली.

मग पटेलांची गंमत सुरू झाली. जे नाव उच्चारताना त्यांना झाडाचा शेंडा बघावा लागला होता, ते आता सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्या तोंडी. "सुजाता! कुठी गेलीस वं माय, सुजाता!" नातीला शोधत म्हातारा खळ्यावर फिरे, आणि इकडून आमची आत्या बाजेवर पडल्या पडल्या मुद्दाम ओरडे, "हौ, आली!" पोरगी खिदळे. पुढे पुढे तीही त्याच सुरात ओ देऊ लागली.

आत्या गेली ती रोवणीच्या दिवसांतच. आता त्या नावाचा बहर ओसरला आहे. सुजाता नाव ऐकलं की हल्लीच्या मुली म्हणतात, मावशीचं नाव वाटतं. वाटू द्या. एकेकाळी ते कमवावं लागलं होतं. त्या दिवशी आत्याला शेवटचं उचलायची वेळ झाली तेव्हा कडुनिंबाखाली पटेल येऊन उभे राहिले, नातीचं बोट धरून. या वेळी त्यांनी झाडाकडे पाहिलं नाही. आत्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "सुजाताबाई, चला."

आणि त्यांच्या शेजारून, रोजच्या सवयीने, आत्याच्याच सुरात ओ आली, "हौ, आली!"

रडता रडता अख्खी वस्ती हसली. आत्या असती तर सगळ्यांत मोठ्याने हसली असती.