टेक्सासच्या ओकला सूत

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे मी. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची... बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, पुन्हा करून दाखवता आला नाही तर मी तो बगच मानत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

आम्ही फ्रिस्कोला राहतो, डॅलसच्या उत्तरेला. वटपौर्णिमा मी कुंडीतल्या फिकसवर, वडाच्याच जातीतल्या झाडावर, भागवते, सासूबाईंना फोटो पाठवण्यापुरती. पण गेल्या वर्षी मैत्रीण मंजिरी हटून बसली. "अगं, कुंडीभोवती कसले फेरे मारतेस? जरा मोठं झाड बघू की!" फ्रिस्कोत कुठलं आलंय मोठं झाड! सगळी आमच्या घरांइतकीच नवी. मग तिनेच शोधून काढलं – पश्चिमेला दीडेक तासावर, ओढ्याकाठच्या पिकनिकच्या जागेत एक जुना ओक आहे. माझा नवरा निखिल, पक्का नागपूरकर, ड्रायव्हर म्हणून आला. "तुम्ही मागा सात जन्म, मी एसीत बसतो बाप्पा," म्हणत रस्त्यावर गाडीतच थांबला. मध्ये झुडपं होती, झाडापासून रस्ता दिसत नव्हता.

भर दुपार. बुंधा इतका रुंद की पलीकडचं माणूस दिसू नये. मंजिरीचे फेरे झाले होते. मी सूत धरून सुरुवात केली. जरा वेळाने लक्षात आलं, माझ्यापुढे कुणीतरी चालतंय. वळणावर मळकट घागऱ्याची कड दिसायची, अनवाणी टाच दिसायची, की लगेच बुंध्याआड. नीट न बघताच मला वाटलं मंजिरीच. "अगं, अजून किती जन्म मागतेस? सोड की बिचाऱ्याला!" तेवढ्यात हातातलं सूत एकदम ताणलं गेलं. पलीकडून कुणीतरी ओढत होतं, चांगला जोर लावून. साधं सूत ते, तुटायला हवं होतं... तुटलं नाही, बोटात रुतलं. आणि कानाशी धापा टाकत, स्वच्छ मराठीत –

"पळ! उशीर नको करूस, पळ!"

दचकून पाहिलं तर मंजिरी लांब बाकावर फोटो चाळत बसलेली. अंगावर हिरवी पैठणी, पायात चप्पल.

का ते सांगता येणार नाही, पण मी पळाले. सूत टाकलं, साडी वर धरली आणि झुडपांतून घुसले.

रस्त्यावर निखिल एका घोड्याचा दोर धरून उभा होता. घोडा मोकाट सुटलेला, गाडीखाली येईल म्हणून या भल्या माणसाने धरलेला. समोर पिकअप आडवा लावून तीन गोरे. त्यातला एक दरडावत होता, "कुठं घेऊन चालला होतास? तुझे बाकीचे लोक कुठे आहेत?" निखिल म्हणत होता, "सर, प्लीज, मी लायसन्स दाखवतो..." आणि त्याचा हात मागच्या खिशाकडे चालला होता. बाजूच्या माणसाने पिस्तूल काढलं होतं. निखिलने ते पाहिलंच नव्हतं!

"निखिल, खिशात हात घालू नकोस! हात वर कर!"

एवढी मी जन्मात ओरडले नसेन. त्याचा हात तिथल्या तिथे थांबला, मग हळूहळू वर गेला.

समोरच्या घरातून एक मेक्सिकन म्हातारी काठी टेकत आली. "घोडा माझा आहे. फाटकाची कडी मोडलीय." पिस्तूल आत गेलं. "काळजी घ्यावी लागते, मॅम," एकजण हसत म्हणाला. सॉरी वगैरे काही नाही. पिकअपमध्ये बसले आणि गेले. निखिलने दोर त्या म्हातारीच्या हातात दिला. मला इतका संताप आला होता की रडूही येईना.

त्या मावशींनीच आम्हाला घरात नेऊन पाणी दिलं. आम्ही ओकपाशी होतो म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आजीकडून ऐकलेलं सांगितलं. इथे वस्ती नुकती होत होती तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने एका मेक्सिकन घोडेवाल्याला त्याच झाडाला लटकवलं. घोडा चोरला म्हणून. ना कोर्ट, ना विचारपूस. संध्याकाळी तो घोडा आपणहून मालकाच्या घरी परत आला. लटकवलं तेव्हा त्या घोडेवाल्याची बायको पलीकडे ओढ्यावर कपडे धूत होती. तिला कळलं तेव्हा अनवाणी धावली, पण तोवर सगळं संपलं होतं. "तिला वेळेवर कुणी हाकच मारली नाही," मावशी म्हणाल्या.

झाडापाशी राहिलेली पूजेची थाळी आणायला परत गेलो. मी अर्धवट टाकलेलं सूत बुंध्याभोवती पूर्ण गुंडाळलेलं होतं, शेवटी घट्ट गाठ. मंजिरी तर माझ्यामागोमाग रस्त्यावर धावली होती!

मंजिरी म्हणते, उपास आणि ऊन. निखिल म्हणतो, तू माझाच आवाज ऐकला असशील. मी वाद घालत नाही. यंदाही वटपौर्णिमेला त्याच ओककडे गेलो. काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. म्हणजे माझ्याच नियमाने हा बग नाही.

सासूबाईंनी फोनवर विचारलं, "मनापासून मारलेस ना गं फेरे, नवऱ्यासाठी?" मी हो म्हटलं. पण माझा नवरा तर शेजारीच उभा होता, पाण्याची बाटली धरून. मी सगळे फेरे त्या अनवाणी धावलेल्या बाईच्या नवऱ्यासाठी मारले.