शेवटचा फर्मा

आमच्या बाबांचा बाइंडिंगचा कारखाना होता. छापखान्यातून आलेले सोळा-सोळा पानांचे फर्मे क्रमाने लावायचं काम ताईचं आणि माझं. ताई लावता लावता वाचायची.

सात वर्षांची होती तेव्हा गोष्टीतल्या कोल्ह्याची फजिती झाली की तिचं समाधान व्हायचं. बाराव्या वर्षी तिला रहस्यकथांनी झपाटलं. एकदा धीर धरवेना म्हणून तिने शेवटचा फर्मा घरी नेला आणि पुस्तक त्याच्याविनाच बांधलं गेलं. गिऱ्हाईक तणतणत आलं, "अहो, खुनी कुठाय?"

"माझ्या उशीखाली," ताई म्हणाली. बाबांनी कपाळावर हात मारला.

सोळाव्या वर्षी तिला रहस्यकथा पोरकट वाटायला लागल्या. तेव्हा बांधायला आलेल्या एका कादंबरीतली, डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी तिला फार आवडली. पण शेवटच्या फर्म्यात ती मुलगी शिक्षण सोडून मुकाट्याने लग्न करते. ताई अशी भडकली की विचारू नका.

"हा फर्मा मी लावणार नाही."

"लिहिणाऱ्याने लिहिलंय. आपलं काम बांधायचं," बाबा म्हणाले.

गिऱ्हाइकाच्या सगळ्या प्रती तिने चोख बांधल्या. मग उरलेल्या जादा फर्म्यांतून स्वतःसाठी एक बांधली आणि शेवटच्या फर्म्याच्या जागी सोळा कोरी पानं शिवली.

आज कारखाना तीच चालवते. ती पानं अजून कोरीच आहेत. "अगं, त्या मुलीचं पुढे काय झालं ते लिहून टाक की एकदाचं," मी म्हणते.

"आपण कोण ठरवणारे?" ताई फटकारते. "तिचं ती बघेल."