टेलची भांडणं

कालव्यात गाळ साचतो तसे आमच्या पाटबंधारे खात्यात किस्से साचतात. गाळ काढायला टेंडर निघावं लागतं, किस्से काढायला कपभर चहा पुरतो!

मी कालवा निरीक्षक. निम्मी नोकरी कोल्हारकडच्या एकाच चारीवर गेली. चारी कालव्यातून जिथं फुटते तो माथा, जिथं संपते तो टेल. माथ्याला आबांचा ऊस, बारमाही हिरवागार. टेलला नामदेव आणि किसन या चुलतभावांचा गहू. नियम असा, की पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर सरकत माथ्याला यायचं. फार चांगला नियम आहे. आम्ही तो चौकीच्या भिंतीवर रंगवूनसुद्धा घेतलाय.

*

आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला पाणी आलं, की आमच्या सोपानमामांचा थाट बघावा. मामा आमचे पाटकरी. चारीची दारं उघडायची, बंद करायची, ही त्यांची ड्यूटी. माथ्याकडे जाताना मामा पांढरी टोपी घालायचे आणि टेलकडे जाताना हेल्मेट. गाडी बांधावर लावून शेतातून पायी चालायचे, तरी हेल्मेट डोक्यावरच!

मी एकदा विचारलं, "मामा, आता तरी काढा की हे. गाडी तिकडं राहिली."

"असू द्या साहेब. टेलला ढेकळं लई उडत्यात."

*

आबांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. चारीत त्यांचा एक जाडजूड पाईप टाकलेला होता, बेकायदेशीर. लपवलेलाही नव्हता. आमच्याकडे नवे इंजिनिअर साहेब आले, तरुण, कडक. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "पाईप आजच्या आज निघाला पाहिजे!" आणि जीप घेऊन तडक आबांकडे गेले.

आबांनी त्यांना बसवलं. म्हणाले, "पाईप चुकीचाच हाय साहेब, मी कुठं न्हाई म्हनतो? तुमी काढा. पन आधी पेरू खावा, झाडावरचे हायत."

दुपारी जीप परत आली. मागच्या सीटवर पेरूचे क्रेट.

मामांनी अदबीनं विचारलं, "साहेब, पाईप?"

साहेब म्हणाले, "मामा, तुम्ही पेरू घ्या."

*

एका आवर्तनात आम्ही रीतसर पोलीस बंदोबस्त मागवला. दोन शिपाई आले. टेलला सावलीला बाभळीचं झाडसुद्धा धड नाही, म्हणून ते आबांच्या बंगल्याच्या पडवीत बसले. तिथं पंखा होता, चहा होता.

तिकडं टेलला नामदेवनं किसनच्या बैलाचं दावं कापलं आणि किसननं नामदेवचं पाणी फोडलं. मी धापा टाकत पडवीत पोचलो. त्यातला एक शिपाई खुर्चीतून उठून, चारीकडे लांबवर बघत म्हणाला, "इथं तर सगळं शांत हाय की साहेब!"

*

पुण्याहून एक संशोधक ताई आल्या होत्या. विषमता आणि हिंसाचार असा त्यांचा अभ्यासाचा विषय. हुशार पोरगी, नामदेवच्या बांधावर खुशाल मांडी घालून बसली.

"तुमचा सगळ्यात जास्त राग कोणावर आहे?"

"किसन्यावर!" नामदेवनं विचारसुद्धा केला नाही.

"आणि वरच्या आबांवर? त्यांच्या उसाला तर रोज पाणी आहे."

नामदेव तिच्याकडे बघतच राहिला. "आबांवर कशाला राग? त्यो मोठा मानूस हाय. ह्यो किसन्या माझ्याएवढाच असून माझ्या आधी भिजवतो!"

ताईंनी पेन खाली ठेवलं आणि प्यायला पाणी मागितलं.

*

आता शेवटचा.

गेल्या रब्बीतलं शेवटचं आवर्तन. गहू दाणे भरण्यावर आलेला. हे एक पाणी मिळालं तर पोतं भरणार, नाही तर नुसता भुसा. दोघांच्याही घरात वर्षभराची भाकरी-चपाती त्याच रानातली. वर आबांचा पाईप धो धो चालू. त्यामुळे टेलला आलं ते मनगटाएवढं पाणी, त्यात एकाचंच रान भिजणार. पाळी किसनची होती. नामदेवनं ढेकळं टाकून धार आपल्याकडे वळवली आणि दोघांनी फावडी उचलली. किसनचं डोकं फुटलं, नामदेवचा उजवा हात मोडला.

दवाखान्यात नेलं आबांनी. स्वतःच्या गाडीतून. सीट रक्तानं भरली, पण माणूस एका शब्दानं बोलला नाही. डॉक्टरांना फोन केले, शेजारी शेजारी खाटा मिळवून दिल्या, शहाळी आणली.

इकडं किसनची बायको मंगल फावडं घेऊन एकटी चारीवर उभी होती. तेवढ्यात ती मनगटाएवढी धारही आटली. मी गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "भांडले कशापायी, साहेब? पानीच न्हवतं की!"

मला इतकी चीड आली, की तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. पाईपचं सांगितलं. ते म्हणाले, "मारामारीची केस पोलिसांकडे गेली ना? मग आपला विषय संपला."

दोघांचाही गहू चिमला.

महिन्याभरानं ग्रामसभा झाली. तंटामुक्ती समितीला नवा अध्यक्ष निवडायचा होता. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. किसन उठला. डोक्याला अजून पट्टी. म्हणाला, "आबांशिवाय दुसरं नावच न्हाई. लई देवमानूस हाय." जन्मात पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं. लगेच पलीकडून नामदेवनं अनुमोदन दिलं.

उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून त्यानं डावा वर केला.