बॉयलर माणूस बघून फुटत नाही

डॉ. निर्मला धकाते यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या शर्टाचा खिसा फाटलेला होता. धंतोलीतल्या त्यांच्या मानसोपचाराच्या दवाखान्याखाली गाडी लावण्यावरून एका माणसाशी माझी झटापट झाली होती. तसाच वर गेलो. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "खाली ओरडत होते ते तुम्हीच का? बसा, पाणी घ्या." मी पाणी घेतलं नाही. मला पाणी नको होतं, कागद हवा होता.

मी तेव्हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर तंत्रज्ञ होतो. तीन आठवड्यांपूर्वी मी घरात कुकरचं झाकण फेकलं होतं. कारण काय, तर वरणात मीठ जास्त झालं. झाकण माझ्या मुलीला, मितालीला लागलं. भुवईवर चार टाके पडले. सातवीत होती ती. दुसऱ्या दिवशी माझी पत्नी रेखा तिला घेऊन उमरेडला माहेरी निघून गेली. हा माणूस आजारी आहे, याचा दोष नाही, एवढं मला डॉक्टरांकडून लिहून हवं होतं. तो कागद दाखवून मी दोघींना परत आणणार होतो.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथासाठी लेख मागताना समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मला फोनवर बजावलं, "प्रसंग आनंदाचा आहे, ते झाकणबिकण घेऊ नका. मॅडमच्या हसतमुख स्वभावाबद्दल लिहा." मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. घराघरांत ज्यावर पांघरूण घातलं जातं तेच उघडं करण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांच्या गौरवावरही पांघरूण घालायचं का? आणि मॅडम हसतमुख बिलकूल नाहीत. माझ्याशी हसून बोलायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि ते बरोबरच होतं.

कागद त्यांनी दिला नाही. पाऊण तास सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजार खरा आहे. लाट उठते ती विचाराच्या आधी उठते, कान तापतात, हात सुटून जातो आणि मग पश्चात्ताप होतो, तोही खरा. औषध देईन, झोपेचं बघू, दारू आजपासून बंद. "पण दोष नाही असं मी लिहिणार नाही. आजार तुमचा आहे, तसा हातही तुमचाच आहे."

मी म्हणालो, "मॅडम, तुमाले समजून नाही राहिलं. मी बॉयलरवर काम करतो. प्रेशर वाढला का फुटतेच, त्याले कोण काय करन?"

"अहो, बॉयलर कधी माणूस बघून फुटतो का?"

मी ताडकन उठलो. टेबलावरचं रक्तदाब मोजायचं यंत्र माझ्या हातात आलं होतं. तेवढ्यात दार उघडून त्यांचे मदतनीस नामदेवराव आत आले, सहा फूट उंच, आखाड्यातलं अंग. मी यंत्र खाली ठेवलं. मॅडम जागच्या हलल्या नव्हत्या. "थांबलात की," त्या शांतपणे म्हणाल्या. "कसे थांबलात ते पुढच्या वेळी सांगा. आणि आजवर काय काय फोडलं ते लिहून आणा. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाची होती तेही लिहा."

मी चडफडतच लिहायला बसलो. मिक्सरचं भांडं, रेखाचं. शिलाई मशीनचं चाक, रेखाचं. कंपासपेटी, मितालीची. चष्मा, आईचा. हाताखालच्या हेल्परचा डबा, शेजाऱ्याची कुंडी. एकोणीस वस्तू झाल्या आणि त्यात माझी एकही नव्हती. माझी मोटरसायकल, माझा मोबाइल, माझं घड्याळ, सगळं शाबूत. साहेबांसमोर तर माझा आवाजही कधी चढला नव्हता. ती यादी पाहून जो राग आला तसा मला जन्मात आला नव्हता, आणि पहिल्यांदाच तो योग्य माणसावर आला होता.

राग इतरांचाही आला. आई रेखाला म्हणायची, "त्याचं डोकंच गरम हाय वं, तू कायले बोलतं त्याले?" मित्र म्हणायचे, मर्दाले राग येतेच. एका महाराजांनी मनगटाला दोरा बांधला आणि माझी रास सांगितली. मितालीला काय वाटतं, हे यांतल्या एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

उपचार दिसायला अगदी साधे होते. कान गरम झाले की बोलणं तिथेच तोडायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, तेवढ्याने भागलं नाही तर खोलीबाहेर पडून नळाखाली मनगटं धरायची. लाट आणि हात यांच्यात थोडी जागा करायची, एवढंच. पण सहा महिने मला ते जमलं नाही. दोनदा औषध सोडलं. दोन्ही वेळा मॅडमनी स्वतः फोन करून बोलावलं, पोराला रागवावं तसं रागावल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे रुग्णांच्या शनिवारच्या गटात मदतीला बसू लागलो. एकदा काटोलकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ती स्वतःचे केस उपटायची, डोक्यावर चट्टे पडले होते. बापाने तिचं मुंडन करून तिचे हात बांधून ठेवले होते. "नाटकं आहेत हे, मनात आणलं तं आत्ता बंद होते," ते म्हणाले. मॅडमनी त्यांना सांगितलं, "माझं लिहून होईपर्यंत मिशीला हात लावू नका." पाच मिनिटांत त्यांनी सहा वेळा मिशी पिळली. "तुमचे हात बांधू का?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. मॅडमचं घराणं विणकरांचं. पुढच्या शनिवारी त्या घरून सुताची लड घेऊन आल्या आणि मुलीशेजारी बसून तिला तुटलेला धागा सांधायला शिकवलं. हात केसांकडे निघाला की सूत घ्यायचं. ती मुलगी आता वेणी घालते.

मला चीड येते ती आपल्या निवाड्याची. मुलगी केस उपटते ती नाटकी, बाई बाजारातल्या दुकानातून गरज नसताना चमचा उचलते ती चोर, आणि पुरुष ताट भिरकावतो तो फक्त तापट. तिन्ही आजार एकाच कुळातले. त्या दोघींना शिक्षा आणि आम्हाला गरम पोळी. मॅडमनी या तिघांना एका बाकावर बसवलं, हे मला त्यांचं सगळ्यांत मोठं काम वाटतं.

माझी एक तक्रार मात्र आहे आणि गौरवग्रंथात ती मांडायला मी कचरत नाही. रेखाला फोन करा म्हणून मी त्यांच्या किती विनवण्या केल्या. त्या एवढंच विचारायच्या, "त्या परत आल्या नाहीत तर बरं व्हायचं नाही का?" पुढे रेखानेच त्यांना फोन केला, तेव्हा मॅडमनी तिला सांगितलं की घाई करू नका. हे कळल्यावर मी महिनाभर दवाखान्याची पायरी चढलो नाही. त्यांचं चुकलं नव्हतं हे मला कळतं. तरी ते अजून टोचतं.

त्या पहिल्या भेटीला आता अकरा वर्षं झाली. रेखा उमरेडलाच राहते, शिवणकाम करते. मी रविवारी जातो. या लेखात तिचं नाव आहे म्हणून गेल्या रविवारी मसुदा तिच्यापुढे ठेवला. तिने मशीन थांबवून सगळा वाचला. शेवटी मी लिहिलं होतं, 'रेखाने मला माफ केलं आहे.' तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे काहून लिवलं? मी कधी म्हटलं तुमाले?"

माझे कान तापले. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. समोर मिताली बसली होती, आता नोकरी करते ती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. अजूनही ती आधी हातांकडेच बघते.

मी म्हणालो, "खोड." रेखाने एक सरळ रेघ मारली आणि पुन्हा मशीन सुरू केली.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच म्हणतील. माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. खोडलेल्या त्या वाक्याच्या जागी काही लिहायचं की नाही, हे रेखा ठरवेल. पण मी खोलीत शिरल्यावर मितालीची नजर आधी माझ्या तोंडाकडे जाईल, तो दिवस मॅडमनी पाहावा, आणि तो यायला फार उशीर लागणार असेल तर त्यांनी तेवढं जगावं.