बस्त्यावचा फ्लुगल आणि माझे कान

हे मी कुणाला बोललेले नाही. पाद्रीलाही नाही. दर वर्षी ईस्टरच्या आधी तळ्याकाठच्या देवळात जाते — आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात — गुडघे टेकते, आणि मेलेल्या सासूला नावं ठेवली, उपासाच्या शुक्रवारी मटणाचा रस्सा चाखला, शेजारणीच्या कोंबडीला दगड मारला, असली बारीकसारीक पापं ओळीने सांगते. पाद्री कंटाळतो. मीही कंटाळते. ही एक गोष्ट मात्र जिभेवर येते आणि मी ती गिळते. आता तुला सांगतेय. का सांगतेय ते विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही.

माझं नाव रेजिन. माहेर कोलशेतचं, खाडीकाठचं. माझा बाप मिठागरावर राबायचा आणि रविवारी देवळात फिडल वाजवायचा. तारा लावताना मला समोर बसवायचा. मी 'हां' म्हटलं की खुंटी सोडायचा. तेव्हापासून माझ्या कानांचं भारी कौतुक. मला त्याचा ताठा होता. अजून आहे — खोटं कशाला बोलू?

लग्न होऊन ठाण्याला आले ती बस्त्यावच्या, माझ्या नवऱ्याच्या, घरात. माझा घोव दिवसा बंदरावर मिठाची मोजदाद करायचा आणि लग्नसराईत बँडात कॉर्नेट, तुतारीसारखा आखूड पितळी बाजा, वाजवायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या बाया विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला निघतात, त्यांच्यापुढे वाजवत चालणाऱ्या बँडात तो असायचा. वाजवायचा बरा. बरा म्हणजे, ठाण्यात त्याच्यासारखे आणखी होते. पण एखादा सूर हळू लावला की त्याच्या आतलं काहीतरी वर यायचं, आणि कॉर्नेटमध्ये ते मावायचं नाही. हे मला कळायचं. त्यालाही कळायचं.

मग एका वर्षी खबर आली की दूरच्या एका संस्थानात, राजाच्या बँडात फ्लुगलहॉर्नवाला हवाय. फ्लुगल म्हणजे कॉर्नेटचा थोरला भाऊ धर. अंगाने जाड, नळी पुढे पुढे रुंद होत जाणारी, आवाज मऊ, छातीतून आल्यासारखा. कॉर्नेटवाले बँडमास्तर साहेबाकडे पोत्याने पडलेले, फ्लुगलवाला मिळत नव्हता. नोकरी कायमची, राहायला घर. अट एकच — हॉर्न स्वतःचा हवा. बस्त्याव दुसरं काही बोलेचना. जेवताना तेच, देवळातून येताना तेच. म्हणायचा, दोन पावसाळे मी एकटा काढतो, मग तुला घेऊन जातो.

हे लक्षात ठेव. घेऊन जातो म्हणालेला तो. पुढे मी काही सबब सांगायला लागले तर मला याची आठवण दे.

हॉर्न घ्यायला तो मला बरोबर घेऊन गेला. सासू हसली — बाजा घ्यायला कुणी बायको नेतो का? पण त्याचं म्हणणं असं, की वाजवणाऱ्याला आपला आवाज मागून ऐकू येतो, खरा काय तो समोरच्याला कळतो. आणि तुझ्यासारखे कान, म्हणाला, दुसऱ्या कुणाचे आहेत? मी नवं लुगडं नेसले. त्या दिवशी आगगाडीत मी कुणाशी बोललेसुद्धा नाही, एवढा माझा तोरा.

मुंबईला कोटात, साहेबलोक फोर्ट म्हणतात तिथे, एका म्हाताऱ्या पारशाचं दुकान होतं. बस्त्यावने मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. हॉर्न चकचकीत दिसला की डोळे कानांना फसवतात म्हणे. तो माझ्या मागे उभा राहून एकेक हॉर्न वाजवायला लागला. पहिल्याचे वरचे सूर छान, खाली उतरला की घसा बसल्यासारखा. दुसऱ्याची मधली कळ दाबली की सूर जरासा घसरायचा. तिसऱ्याला मी मान डोलावली. वळून बघते तर हा जुना पितळी, पलटणीतून विकायला आलेला, कर्ण्याला पोचा पडलेला. आणि तो पहिला, घसा बसलेला, तो नवाकोरा, चांदीचा मुलामा दिलेला. पारशी हसला, म्हणाला, बाईंनी बरोबर धरला. बघ, तिथपर्यंत मी खरी होते.

राहिला माउथपीस. ज्याला ओठ लावायचे तो तुकडा. त्या हॉर्नचा मूळचा हरवलेला होता, आतापर्यंत दुकानातला कुठलातरी लावून वाजवलेला. पारशाने दोन पुढे केले — एक वाटीसारखा उथळ, दुसरा नरसाळ्यासारखा खोल. त्या नळीत दोन्ही बसत होते. पण बसणं वेगळं आणि शोभणं वेगळं, ते ऐकूनच ठरवा म्हणाला. माझं तोंड पुन्हा भिंतीकडे.

आधी उथळ. आवाज खणखणीत, लांब जाणारा. पण कॉर्नेटचाच.

मग खोल.

कसं सांगू तुला? माझा बाप वाजवायचा ते एक संथ गाणं त्याने लावलं. दुकानातला नोकर केर काढत होता, त्याची केरसुणी थांबली ते मला कळलं. बस्त्यावच्या आत जे होतं — जे मला माहीत होतं आणि कधी नीट ऐकू आलं नव्हतं — ते सगळं बाहेर आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भिंतीकडे तोंड होतं म्हणून त्याला दिसलं नाही.

आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. साहेब हे ऐकेल आणि याला सोडणार नाही. हा जाणार. मी इथे सासूबरोबर चुलीपुढे, आणि तिकडे हे गाणं रोज भलतीच माणसं ऐकणार. भीती वाटली? वाटली. पण नुसती भीती नव्हती, तेवढ्यावर मला सोडू नकोस. मला त्या आवाजाचा हेवा वाटला. इतकं काही त्याच्यापाशी होतं आणि त्यात मी कुठेच नव्हते.

"सांग रेजिन," तो मागून म्हणाला. "ओठांना मला हा खोल बरा वाटतोय. पण तू म्हणशील तो घेऊ."

"पहिला," मी म्हटलं.

पारशी बाजूला गल्ल्यापाशी बसलेला. त्याला माझा चेहरा दिसत होता. हळूच म्हणाला, "बाई, पुन्हा एकदा ऐकून घ्या."

पुन्हा ऐकलं मी. दोन्ही ऐकले. म्हणजे मला सुधारायला वाव मिळालेला, कुणी घाई केली नव्हती. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, पहिलाच घे, खोल घोगरा लागतो, लांब ऐकू जायचा नाही. कारणसुद्धा दिलं, बघ! बस्त्यावने तो खोल माउथपीस रुमालाने पुसला, नीट पुसला, आणि पारशाच्या हातात परत दिला.

संस्थानात जाऊन तो साहेबापुढे वाजवायला उभा राहिला, तर साहेबाने त्याला अर्ध्यावरच थांबवलं. म्हणाला, हॉर्न फ्लुगलचा आहे पण हा वाजवतोय कॉर्नेट, आणि कॉर्नेटवाले मला नकोत. बस्त्याव घरी आला आणि पायरीवर बसून राहिला. मी भात वाढला. जेवला. मग आपणच म्हणाला, तो खोलवाला घेतला असता तर? — माझा हात ताटावर तसाच राहिला — आणि आपणच मान हलवली. नाही, तू ऐकलेलंस ना, तो तर याहून वाईट लागला असता. माझाच ओठ हलका.

त्या आठवड्यात मी खूश होते. हेही सांगायला हवं. चिंबोऱ्यांचं कालवण केलं, सासूशी गोड बोलले. पस्तावा वगैरे काही नाही. तो पुष्कळ उशिरा आला.

पुढे वर्षामागून वर्षं तो त्या उथळ माउथपीसवर वाजवत राहिला. लोक बरा म्हणायचे. आणि जो भेटेल त्याला हा सांगायचा — हॉर्न माझ्या बायकोने निवडलाय, माउथपीससुद्धा, तिच्या कानाला तोड नाही. मी तिथे उभी असायचे. काय करायचे? हसायचे.

मग कल्याणचं लग्न आलं. रेल्वेतल्या एका किरिस्तांव कारकुनाच्या घरचं. आमचा बँड होता आणि मुंबईहून आलेला दुसराही होता. त्यांच्यात एक फ्लुगलवाला होता. मांडवात त्याने एक संथ गाणं लावलं, आणि मी ओळखलं — गाणं नव्हे, आवाज. खोल माउथपीस. बस्त्याव बगलेत हॉर्न धरून ऐकत उभा राहिला. केस पिकलेले तेव्हा त्याचे. गाणं संपल्यावर माझ्याकडे वळला. डोळे भरलेले, पण चेहरा अगदी शांत.

"माझ्यात हे नव्हतंच, नाही गं?"

बोलायला किती सोपं होतं! मांडवात गलका चाललेला, कुणी ऐकलं नसतं. आता साहेब नव्हता, संस्थान नव्हतं, तो मला सोडून कुठे जाणार नव्हता. सासूही मातीआड गेलेली. पहिल्या वेळी निदान माझं काही जाणार होतं. या वेळी काय जाणार होतं? माझ्या कानांचं कौतुक. बस, तेवढंच.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. घरी येऊन हॉर्न कोनाड्यात ठेवला आणि पुन्हा काढला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, आता कशाला. बंदरावर जायचा, यायचा, देवळात मागच्या बाकावर बसायचा. गेला तेव्हा तापाने गेला. शेवटी शेवटी म्हणाला, हॉर्न बँडातल्या कुणालातरी दे, पण ऐकून दे.

त्याला माती दिल्यावर काही दिवसांनी बँडातला फिलीप आला, स्वतःचा माउथपीस खिशात घेऊन. म्हणाला, काकी, बस्त्यावकाका नेहमी सांगायचे, तुम्हीच ऐका आणि सांगा. मी कोनाड्यातून हॉर्न काढून त्याला दिला. आणि सवयीने — त्याने सांगितलं नव्हतं — भिंतीकडे तोंड करून बसले. फिलीपने आधी बस्त्यावचा माउथपीस लावून वाजवला. मग आपला.

फिलीप काही फार मोठा वाजवणारा नव्हे. तरी तो आवाज आला. पारशाच्या दुकानातला.

"कुठला बरा, काकी?"

"दुसरा," मी म्हटलं. लगेच म्हटलं. कुठे अडलं नाही.

त्या दिवशी दुकानातही एवढंच म्हणायचं होतं. बस्त्याव माझ्या मागे उभा होता, मी काय म्हणते त्याची वाट बघत.