पुन्हा यायची गरज नाही

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे फौजदार म्हणतात. दूध आलं की ती आधी दुधाचा वास घेते, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघते. पेशाने नर्स. दवाखान्यात निम्मे पेशंट परक्या भाषेचे. ती भाषा येत असल्याचा दाखला आणला तर नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेर घरी. लेखी परीक्षा सुटली होती, पण तोंडीला दोनदा आपटली होती. ही शेवटची खेप.

त्या दिवशी सकाळी हॉलतिकीट गायब.

"ताई, काल माझं कपाट तुम्ही आवरलंत ना?"

"मी कशाला आवरू? माझंच आवरून होत नाही."

"सहज विचारलं." पण नजर काही सहज नव्हती. मग भाऊजींचे खिसे उलटे झाले, सासूबाईंच्या उशीखाली हात गेला. मी देवापुढे हात जोडले, तर म्हणते, "कुठे ठेवलंत ते आता देवाला विचारताय का?" शेवटी सापडलं. कोणी घेऊ नये म्हणून तिनेच युनिफॉर्मच्या आतल्या खिशात दडवलं होतं, आणि युनिफॉर्म बादलीत भिजत होता.

इस्त्रीने तिकीट वाळवलं, पण फोटोतली बाई पार पुसली गेली होती. परीक्षेच्या दारातल्या कारकुनाने एकदा फोटो बघितला, एकदा हिला. "ह्या तुम्हीच कशावरून?" जन्मभर दुसऱ्यांवर रोखलेलं बोट असं तिच्याकडेच वळलं. तीनदा सही करून घेतली, तेव्हा आत सोडलं.

आत परीक्षक बाई परीक्षेपुरत्या पेशंट झाल्या होत्या. "गोळी घेतली," म्हणाल्या. हिचा विश्वास बसेना. कधी घेतली, कशाबरोबर घेतली, पाकीट दाखवा, जीभ दाखवा! शेजारचे परीक्षक हसू लागले. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून ही घाईघाईने निरोप घेऊन उठली. तेव्हा बाई म्हणाल्या, "पुन्हा यायची गरज नाही."

घरी आल्या आल्या वह्या माळ्यावर गेल्या. "संपलं, ताई. तोंडावर सांगितलं, येऊ नका म्हणून."

"असं कोण कशाला बोलेल? निघताना तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? येते म्हणाले."

"त्यांच्या भाषेत?"

"मग काय आपल्या?"

"अगं बये, त्यांच्यात निघणारा 'जातो' म्हणतो, हे तूच मला वाचून दाखवलं होतंस! तू 'येते' म्हणालीस, म्हणून त्या म्हणाल्या, आता कशाला येताय!"

तिने माझ्याकडेच संशयाने बघितलं. "तुम्ही माझी समजूत काढताय."

चौथ्या दिवशी निकालाचा कागद आला. पास. तिने तो उजेडात धरून शिक्का तपासला, नंबर दोनदा जुळवला, माझ्याकडून वाचून घेतला, आणि मग कुठे रडली.

सोमवारी ड्यूटीला निघताना दारातून म्हणाली, "जाते."

सासूबाई कडाडल्या, "जाते काय? येते म्हण!"

"नको हो आई. त्या 'येते'ने चार दिवस जीव टांगणीला लागला होता."

अर्धा जिना उतरल्यावर मात्र ती थांबली आणि वर बघून हळूच म्हणाली, "येते."

उगाच विषाची परीक्षा कशाला!