पावडरचं घावन

आमच्या घरात टाल्कम पावडरचं घावन एकदाच झालं. तव्यावरून नीट सुटलं नाही.

दोष माझा. ही जाऊन दोन वर्षं झाली, तरी हिचा पावडरचा डबा मी वापरत होतो. वापरत म्हणजे काय, तर आंघोळ झाली की हिच्या उशीवर डबा दोनदा झटकायचा आणि पंखा लावायचा. मग डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत घटकाभर माणसं राहतात असं वाटायचं. (माणूस एकच, तोही खोकणारा!) तो वास आता बाजारात मिळत नाही. त्यामुळे डबा शेवटचा.

माझा खोकला फोनवरून ठाण्याला पोचला आणि शनिवारी सकाळी माझी मुलगी चित्रा दारात हजर! आल्या आल्या स्टुलावर चढली, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि ते पांढरं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"बाबा, हे काय?"

"धूळ. समोर बांधकाम चालू आहे ना."

"धुळीला मोगऱ्याचा वास येतो?"

मग माझी शिकवणी झाली. टाल्क हा खाणीतला दगड. कधी कधी त्याच्या शेजारीच ॲस्बेस्टॉस सापडतं. कॅन्सर होतो की नाही यावर अजून वाद आहेत, पण ती पूड छातीत जाणं वाईट, यावर कुणाचाच वाद नाही.

"अगं, लहानपणी तुझी आई तुला पावडरमध्ये घोळवून काढायची!"

"तेव्हा माहीत नव्हतं. आता आहे. मी भाजी घेऊन येते, तोवर डबा कचऱ्यात गेलेला दिसला पाहिजे."

डबा कचऱ्यात गेला. रिकामा! आतली पावडर मी स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या डब्यात ओतली. डब्यावर हिच्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'तांदूळ पीठ'. महिन्यापूर्वी चित्रानेच तो भरून ठेवलेला. पिठाला किडे झाल्यावर मी ते गुपचूप टाकून दिलेलं. माझ्या घरात कुणी स्वयंपाक करत नसल्याने मला ही जगातली सर्वांत सुरक्षित जागा वाटली.

चित्रा आली, कचरा तपासला आणि एकदम विरघळली.

"शहाणे आहात हो बाबा. बसा, आईसारखी घावनं करते."

"नको गं! भूक नाहीये."

"दोन दिवस टोस्ट खाताय म्हणालात ना?"

"पीठ जुनं आहे."

"मीच दळून आणलंय मागच्या महिन्यात!"

तिने अख्खा डबा भांड्यात उपडा केला, पाणी ओतलं. पीठ पाण्यावर तरंगायला लागलं. तिने ढवळलं, ते पुन्हा वर आलं.

"हे भिजत का नाहीये?"

"नवा तांदूळ असेल," मी म्हणालो. (स्वयंपाकातलं माझं ज्ञान तिला ठाऊक होतं, तरी तिने विश्वास ठेवला. प्रेम आंधळं असतं ते असं!)

पळीभर मिश्रण तव्यावर पडलं, चर्र झालं, आणि घरभर वास पसरला. उशीवर यायचा त्याच्या शंभरपट. चित्राचा हात हवेतच थांबला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आई आत्ता आंघोळ करून बाहेर आल्यासारखं वाटतंय."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी म्हणालो, "सगळीच ओतलीस का गं?"

तिने भांड्याकडे पाहिलं. चिठ्ठीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"बाबाऽऽ! खाल्लं असतं तर आपण!"

गॅस बंद करून ती खिडकीकडे धावली.

"उघडू नकोस," मी म्हणालो. "जाईल सगळा."

कडीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. खिडकी तिने उघडलीच, पण जरा वेळाने.

संध्याकाळी परत जाणार होती, ती रविवारपर्यंत राहिली. आम्ही दोघांनी मिळून टोस्ट खाल्ले.

खोकला आठवडाभरात गेला. पाठोपाठ चित्राचे रोजचे फोनही गेले. ठणठणीत माणसाला रोज काय विचारणार? म्हणून हल्ली फोन आला, की मी 'हॅलो'च्या आधी दोनदा खोकतो. परवा जरा जास्तच रंगात आलो, तर तिने ठाण्यात छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. शनिवारी मला न्यायला येतेय.

ऐन वेळी फजिती नको, म्हणून रोज सकाळी सराव करतो. हिच्या उशीसमोर बसून. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ही मला मधे टोकत नाही!